गावाचे पत्ते हलवले त्या दिवशी

माझ्या नवऱ्याने राऊटरला इतकं हळदकुंकू लावलं की शेवटी त्याचा एक पोर्ट मेला. हे मी गावात कुणासमोर म्हटलं की लोक हसतात आणि नवरा तणतणत घराबाहेर जातो. पण त्यात एक अक्षर खोटं नाही.

वडनेरमध्ये आधी आमचा केबल टीव्हीचा धंदा होता. नवरा खांबावर चढायचा आणि मी घरोघरी जाऊन कुणाच्या टीव्हीत चित्र आहे, कुणाच्या टीव्हीत नुसत्या मुंग्या आहेत ते बघून यायचे. पुढे लोकांचा टीव्ही मोबाइलात शिरला, तसे आम्ही इंटरनेटमध्ये शिरलो. हिंगणघाटहून लाईन येते, ती आमच्या स्वयंपाकघरालगतच्या खोलीतल्या राऊटरमध्ये उतरते आणि तिथून गावभर पसरते. खांब, तारा, गच्च्या हे नवऱ्याचं काम. राऊटरच्या आतलं माझं. ही वाटणी कुणी बसून केली नाही. त्याला इंग्रजी अक्षरं दिसली की जांभया येतात आणि मला शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चक्कर येते, एवढंच.

दसऱ्याला आमच्याकडे अवजारांची पूजा असते. नवरा पक्कड, चिमटे, ड्रिल, शिडी सगळं धुऊन-पुसून अंगणात मांडतो. राऊटर मात्र उचलून आणता येत नाही, त्याला सगळं गाव लटकलेलं. मग पूजाच त्याच्याकडे जाते. तांब्यात फूल बुडवून शिंपडायचं, मग हळद, मग कुंकू, मग अक्षता. आणि टिळा नेमका समोर, जिथे तारा खोचतात त्या पोर्टांच्या रांगेवर. का, तर नवऱ्याच्या मते ते राऊटरचं कपाळ. मी दरवर्षी ओरडायचे, तो दरवर्षी म्हणायचा, "अवं, एवढूसं तं लावलं!"

त्या उन्हाळ्यात दुपारची लाईन जायला लागली. ऊन डोक्यावर आलं की पाच मिनिटं गेली, परत आली, पुन्हा गेली. गावात कुणाला फार फरक पडत नव्हता. दुपारी अर्धं गाव शेतात आणि अर्धं पंख्याखाली आडवं. फोन यायचा तो एकाच घरातून.

ते घर म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा दुकान. दुकान चालवते ती माझी लग्नानंतरची पहिली मैत्रीण. आम्ही दोघी एकाच वर्षी या गावात सुना म्हणून आलो. तिचा नवरा गेल्यापासून दुकान ती एकटीच ओढते. मुलगा हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, सकाळी जातो तो दिवे लागल्यावर येतो. सून शिकलेली, एक नात, चार वर्षांची. लग्न झाल्यापासून ही सून दुकानात बसून साखर मोजत होती. मग तिने सासूला न विचारता एक मुलाखत दिली, फोनवरच, आणि नागपूरच्या एका कंपनीत घरबसल्या नोकरी मिळवली. विम्याचे कागद तपासायचे. दुपारी एक वाजता कंपनीचा लॅपटॉप उघडायचा, तो संध्याकाळी दिवाबत्ती होऊन गेल्यावर मिटायचा.

या लॅपटॉपची एक खोड होती. कंपनीचं कुलूप एकाच पत्त्याला उघडायचं. आता पत्ता म्हणजे काय, ते सांगते. राऊटर गावातल्या प्रत्येक घराला एक नंबर देतो. कोण मागतंय आणि माल कुठे पोचवायचा, हे त्या नंबरावरून त्याला कळतं. बाकी घरांचे नंबर बदलत राहतात, कुणाला पत्ताही लागत नाही. पण या पोरीसाठी मी हिंगणघाटच्या लाईनवाल्यांच्या मागे लागून एक वेगळा, कायमचा नंबर मिळवला होता आणि तिच्या घरातल्या वायफायच्या डब्याला पक्का बांधून दिला होता. कंपनी तोच ओळखायची. लाईन गेली की ती कंपनीच्या बाहेर, आणि तिकडे साहेबाच्या पडद्यावर तिच्या नावापुढे लाल खूण.

एक दिवस ती दुपारचीच माझ्याकडे आली, चपला न घालता, तापलेल्या रस्त्यावरून.

"काकू, साहेब आज बोलले मले. आणखी एकदा लाईन गेली तं घरून काम बंद म्हणते. नागपूरच्या ऑफिसात येऊन बसा म्हणते."

"मंग?"

"मंग काय." तिने एक तळवा दुसऱ्या पायावर घासला. मग म्हणाली, "काकू, मले हे नोकरी सोडाची नाई. पाहा नं काही."

नागपूरला रोज जाऊन बसणार कोण? पोरगी लहान, नवरा हिंगणघाटला, घरी दुकान. म्हणजे लाईन गेली की नोकरी गेली, असा हिशेब मी मनात बांधला. आणि तिचे ते भाजलेले तळवे बघून मला असा काही चेव आला की मी म्हणून गेले, "नाई जात तुही लाईन. मी हाये नं बसली इथं." म्हणताना मला लाईन का जाते याची सुईच्या टोकाएवढीही कल्पना नव्हती.

नवऱ्याने आधी तारा बदलल्या. मग तारांची टोकं कापून नवी लावली. मग खांबावरचा डबा उघडून त्यातलं पालीचं घरटं काढलं आणि सापडला चोर म्हणून खुशीत खाली आला. दुसऱ्या दिवशी दुपारी लाईन पुन्हा गेली, दोनच मिनिटं, त्या पोरीच्या नशिबाने कामावर बसायच्या आधी. मग त्या रात्री तिचा लॅपटॉप मिटल्यावर मी राऊटरच खाली काढला आणि बॅटरी मारून पोर्टांच्या आत बघितलं. दोन नंबरचा पोर्ट, ज्यातून लाईन गावात जाते, त्याच्या आत पिवळा-लाल चिखल वाळून घट्ट बसला होता. सुईने टोकरलं तर एक तांदूळ निघाला. अक्षत.

मी ती अक्षत तळहातावर घेऊन नवऱ्यासमोर धरली.

"हे काय हाये?"

त्याने वाकून बघितलं. "प्रसाद," म्हणाला.

मला इतका संताप आला होता आणि तरी हसू फुटलं. मग मी जे सुरू झाले ते त्याने निमूट ऐकून घेतलं. पूजा करा, मी कुठे नाही म्हणते, पण जरा लांबून करा. देवाच्या मूर्तीलाही आपण नाकातोंडात कुंकू कोंबत नाही. पोर्टाच्या आतल्या पितळी तारा पाण्याने आणि हळदीने खाल्ल्या होत्या. गरम झालं की त्या हात सोडायच्या, थंड झालं की धरायच्या. आज दोन मिनिटं सोडत होत्या, उद्या कायमच्या सोडल्या असत्या.

"मंग दुसऱ्या भोकात टाक नं तार," नवरा म्हणाला. "पाच नंबरचं रिकामं तं हाये." आणि मी काही म्हणायच्या आत त्याने दोन नंबरमधली तार उपसून पाचमध्ये खोचली. दिवा हिरवा लागला. तो जग जिंकल्यासारखा माझ्याकडे बघायला लागला, आणि समोरच्या घरातून हाक आली, "लाईन गेली हो!"

तार पुन्हा दोनमध्ये घातली. मग त्याला समजावलं, आणि समजावता समजावता मलाही नीट समजलं. तार नुसती वाट आहे. गावाच्या नंबरांचा सगळा कारभार राऊटरच्या आत दोन नंबरच्या पोर्टाच्या नावावर लिहिलेला आहे. तार पाचला लावली तरी पाच नंबरला काहीच ठाऊक नाही, कोण कुठे राहतं, कुणाला कोणता नंबर द्यायचा. कारभार आतून उचलून पाचच्या नावावर करावा लागेल, आणि मग तार. तोही असा की त्या पोरीचा बांधलेला नंबर जागचा सुटला नाही पाहिजे.

ज्याने आम्हाला राऊटर बसवून दिला होता, त्या हिंगणघाटच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, सीधी बात हाये. जुनं सगळं डिलीट मारा, पाचवर नवं बनवा. नाहीतर मी येतो पुढच्या हप्त्यात." पुढच्या हप्त्यापर्यंत थांबायला माझ्याकडे वेळ नव्हता, आणि डिलीट हा शब्द माझ्या कानाला खटकला. जुनं पुसलं तर त्याला बांधलेल्या गाठीही पुसल्या जातील की राहतील? विचारलं, तर म्हणाला, "ते पाहून घेऊ नंतर." नंतर म्हणजे पोरीची नोकरी गेल्यावर. मी फोन ठेवला आणि ठरवलं की हे मीच करायचं. तोवर पोर्ट तापू नये म्हणून राऊटरसमोर पंखा लावून ठेवला.

भंगाराच्या पोत्यात त्याच जातीचा एक जुना राऊटर होता. तो काढला, जेवणाच्या टेबलावर मांडला आणि त्यात आमच्या गावासारखंच एक खोटं गाव उभं केलं. दोन-चार मोबाइल, घरचा टीव्ही, अशी त्याची घरं. आणि सराव सुरू केला. पहिल्याच फटक्यात माझी फजिती झाली. मी दोन नंबरच्याच पोर्टातून लॅपटॉप जोडून आत शिरले होते आणि तिथूनच दोन नंबरचा पत्ता काढून टाकला. पडदा गोठला. ज्या शिडीवर उभी, तीच ओढून घेतली! नवरा भाकर खात बघत होता. "मी खांबावर असं कधी नाई केलं," एवढंच म्हणाला. मी त्याच्याकडे न बघता राऊटर पहिल्यापासून मांडला.

दुसऱ्या खेपेला मी आधी तीन नंबरच्या पोर्टातून स्वतःसाठी वेगळी वाट केली. डिलीट मारून नवं केलं, तर बांधलेली गाठ खरंच अनाथ झाली. ती यादीत दिसायची, पण कुणाची ते राऊटरला कळायचं नाही. माझी शंका बरोबर निघाली याचा आनंद झाला आणि भीतीही वाटली, कारण त्या माणसाचं ऐकलं असतं तर काय झालं असतं? तिसऱ्या खेपेला काहीच पुसलं नाही. जुन्याच कारभाराचा फक्त पोर्ट बदलला, दोनच्या जागी पाच. आधी राऊटरचा स्वतःचा पत्ता, मग घरांना नंबर वाटणारा, मग तार. गाठ जशीच्या तशी राहिली. मग मी तेच पुन्हा पुन्हा केलं, भाजी चिरताना तोंडाने म्हणत राहिले, कपडे वाळत घालताना म्हणत राहिले. पत्ता, वाटणारा, तार.

दिवस ठरवला. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं की उद्या अकरा ते बारा लाईन बंद राहू शकते, कुणी फोन करून डोकं खाऊ नये. पोरीचं काम एकला सुरू व्हायचं, तिला धक्का लागणार नव्हता. हे टाकलं आणि मैत्रिणीकडे कुरडया करायला गेले, कारण ते दिवस कुरडयांचे होते आणि तिचे गहू भिजून तयार होते.

तिच्या मागच्या अंगणात चुलीवर मोठ्या गंजात चीक शिजत होता. चीक शिजताना हात थांबवता येत नाही, थांबवला की गोळे होतात. मी दोन्ही हातांनी लाकडी दांडा फिरवत होते, धूर डोळ्यांत जात होता, आणि ती बाजूला उभी राहून हळूहळू पाणी ओतत होती. सून आत कामाला बसली होती.

"उद्या लाईन बंद ठेवून राह्यली म्हणते तू?"

"घंटाभर. तेवढाही लागत नाई."

"घंटाभर कायले? दोन दिवस ठेव नं."

मला वाटलं ती गंमत करते. "काऊन? तुले उपास हाये का मोबाइलचा?"

ती हसली नाही. तिने आतल्या दाराकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला. "दोन दिवस लाईन नसली तं तिचा साहेब तिले काढून टाकते. आपोआप. तुहं नाव नाई, माहं नाव नाई. तारच खराब होती म्हणजो."

मी दांडा फिरवत राहिले. "डोकं ठिकाणावर हाये का तुहं?" मी म्हटलं.

"तुले काय जाते बोलाले? गुडघे माहे गेले. दुकान मी एकटीनं वढून राह्यलो. अन् आज घरात बसून नागपूरचं काम करते, उद्या म्हणंल नागपूरलेच राह्यतो. पोराले घेऊन जाते, पोट्टीले घेऊन जाते. मंग मी काय करू इथं? बरण्या पुसत बसू?"

खरं सांगते, मला तिचा भयंकर राग आला होता आणि त्याच वेळी रडायलाही येत होतं, आणि धुरामुळे कोणतं पाणी कशाचं ते माझं मलाही कळत नव्हतं. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. माझ्या दोन्ही बाळंतपणांत माझ्या घरची चूल हिनेच पेटवली होती. आणि मागितलं ते हे!

"मी नाई करत," मी म्हटलं.

"एक काम सांगतलं तुले."

"दुसरं सांग. हे नाई करत मी."

मग चीक झाला. आम्ही खाटेवर धुतलेलं लुगडं अंथरलं, ती सोऱ्या दाबत गेली आणि मी कुरडया सारख्या करत गेले. निघताना तिने नेहमीसारखा वाडग्यात साखर घालून चीक माझ्या हातात दिला, पण नेहमीसारखं "येजो" म्हटलं नाही. सुनेला यातलं काही सांगावं का, हे मी रस्ताभर स्वतःला विचारत होते. नाही सांगितलं. दोघींच्या मधे काडी टाकायची माझी तयारी नव्हती. मला एवढंच करायचं होतं की माझ्या हातून ती लाईन जाणार नाही. कुणी सांगितलं तरी नाही, कुणी रडलं तरी नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला मी खोलीत बसले. नवऱ्याला राऊटरच्या डाव्या बाजूला उभं केलं. पाणी पिऊन घ्या, खोकून घ्या, मग उभं राहायचं, असं बजावलं. त्याच्या हातात नारळ होता. मी फक्त बघितलं त्याच्याकडे.

"बाहेर फोडतो," तो म्हणाला, आणि गेला, आणि अंगणात फोडून हात पुसून परत आला.

तीन नंबरच्या पोर्टातून मी आत शिरले. खोट्या गावात हे मी इतक्या वेळा केलं होतं, पण इथे खरी माणसं होती. कुणाचा पोरगा अभ्यास करत होता, कुणी पुण्यातल्या लेकीला तोंड दाखवत होतं. पत्त्यावर गेले, दोनच्या जागी पाच केलं. समोरच्या पडद्यावर सगळी घरं एकेक करून मावळली. नंबर वाटणाऱ्यावर गेले, दोनच्या जागी पाच. "तार!" मी ओरडले. नवऱ्याने दोनमधून उपसली, पाचमध्ये घातली. कट्ट आवाज आला. मग काहीच नाही.

त्या काहीच न होण्याच्या क्षणात मी कुलदैवतापासून शाळेतल्या बाईंपर्यंत सगळ्यांना आठवलं. आणि मग एक घर उगवलं. ग्रामपंचायतीशेजारचं. मग दोन, मग भराभरा, जुन्याच नंबरांनी, आणि प्रत्येकापुढे पाच. नवऱ्याने विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, "झालं वाटते," आणि आम्ही दोघं त्या छोट्या खोलीत खुळ्यासारखे हसत सुटलो. लोकांना लाईन गेल्याचं कळलंही नसेल.

मग मी त्या पोरीचा नंबर शोधला. गाठ जागेवर होती. नंबर जागेवर होता. पण घर उगवलेलं नव्हतं.

पुन्हा बघितलं. सगळं गाव हिरवं, आणि कोपऱ्यावरचं ते एकच घर अंधारात. माझी चूक झाली असती तर गाठ सुटलेली दिसली असती. ती घट्ट होती. त्या घरातला डबा नंबर मागतच नव्हता. म्हणजे डबा बंद होता. थोडा वेळ वाट बघितली. सुनेला फोन लावला, वाजत राहिला. बारा वाजून गेले, साडेबारा होत आले. नवरा शिडी उचलायला लागला, "तार तुटली असंल." मी म्हटलं, "राहू द्या. तार तुटली नाई," आणि मोबाइल घेऊन निघाले. त्या उन्हात मी धावले, या वयात, या अंगाने.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. वाकून आत गेले. मैत्रीण भिंतीजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती. तिच्या डोक्यावर विजेचा बोर्ड होता, त्याच्या बाजूला डबा, आणि डब्याचा एकही दिवा लागलेला नव्हता.

"तू बंद केली?"

"हाओ," ती म्हणाली. खोटं बोलली नाही. खोटं बोलणं तिच्या रक्तातच नाही.

"चालू कर."

"नाई करत. तू नाई केलं नं माहं काम, मंग मीच करून राह्यलो." तिच्या मांडीवर नात झोपली होती, पदराने तिला वारा घालत होती. "घर माहं हाये. बोर्ड माहा हाये."

"अवं बाई, तिले कळंल तं काय वाटंल तिले?"

"वाटू दे. चार दिवस तोंड फुगवून राह्यते. मंग बसते दुकानात, जशी बसत होती."

मी स्विचकडे हात नेला आणि तिने माझं मनगट धरलं. साठीची बाई, पण पोती उचलून उचलून हात असे झालेत की मला हलता येईना. आम्ही दोघी तशाच उभ्या-बसल्या राहिलो, आणि तेवढ्यात आतून सून आली. डोक्यावरून आंघोळ केलेली, केसांतून पाणी गळत होतं, हातात मोबाइल. माझे न घेतलेले फोन बघत ती बाहेर आली असणार. तिने आमच्याकडे बघितलं. बंद डब्याकडे बघितलं. मग सासूच्या हाताकडे.

मला वाटलं आता रडेल, नाहीतर ओरडेल. तिने यातलं काहीच केलं नाही. तिथेच जमिनीवर सासूसमोर बसली.

"आई, लाईन गेली तं काय होते, माहीत हाये तुमाले?"

"नोकरी जाते."

"नोकरी नाई जात. मी जातो." ती अगदी हळू बोलत होती, पोरगी उठू नये म्हणून. "साहेबानं नागपूरले येऊन बसाले सांगतलं हाये. कॉलेजातल्या मैत्रिणीजवळ खोली पाह्यून ठेवली मी. तुमच्या पोरालेही सांगतलं, ते शनिवारी येत जातीन. लाईन गेली तं मी अन् हे पोट्टी, आमी दोघी जाऊ. मले जाचं नाई, आई. मनून तं काकूच्या मागं लागली होती. पण नोकरी मी नाई सोडत."

म्हणजे मी इतके दिवस काय समजत होते? लाईन गेली तर नोकरी सोडून ती घरीच बसेल, असं तिची सासू धरून चालली होती आणि मीही. आम्हा दोघींपैकी एकीनेही तिला विचारलं नव्हतं.

मैत्रिणीची बोटं माझ्या मनगटावरून सुटली. तिने मांडीवरच्या नातीकडे बघितलं. तिच्या कपाळावर चिकटलेले केस बाजूला केले. मग एका हाताने पोरीला धरून, दुसऱ्या हाताने भिंतीचा आधार घेत, त्या गेलेल्या गुडघ्यांवर ती उठली आणि स्विच तिने स्वतः दाबला.

डब्याचा लाल दिवा लागला. मग लुकलुकायला लागला. आम्ही तिघी मान वर करून बघत होतो. एकाला दहा-बारा मिनिटं असतील. दिवा हिरवा झाला आणि माझ्या मोबाइलवर ते घर उगवलं, त्याच नंबराने, पुढे पाच. "आली," मी म्हटलं. सून उठली, केस तसेच ओले बांधले आणि आत जाऊन लॅपटॉप उघडून बसली. थोड्या वेळाने आतून तिचा कामाचा आवाज ऐकू आला, गुड आफ्टरनून सर.

मैत्रीण अजून उभीच होती. पोरगी खांद्यावर, नजर डब्यावर.

"आता तं नाई नं जात लाईन?" तिने मला विचारलं.

"नाई जात."

"पक्कं?"

"पक्कं. नवीन पोर्टावर टाकलं हाये सगळं."

तिने मान हलवली. खुर्चीवर बसली नाही.

"तरी पाह्य बरं एकदा," ती म्हणाली. मी मोबाइल काढून बघितलं, घर हिरवंच होतं, आणि तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, "आणखी एकदा पाह्य."